मुराळी नाना

लग्नघरी पंगती उठल्या, की कोणीतरी मला शोधत येतं. मी कुठल्यातरी खोलीत सतरंजीवर पाय लांब करून, गुडघे चोळत बसलेली असते. "ताई, नानांची नक्कल करा ना. पाहुणे थांबलेत." मी आधी नाही म्हणते, मग उठते. टोपी आणा म्हणते. टोपी आली की माझा उजवा खांदा आपोआप वर जातो, मान डावीकडे कलते आणि मी पंचेचाळिशीची बाई न राहता पन्नाशीचा उंच, काटकुळा, लबाड माणूस होते. लोक पोट धरून हसतात. डोळे पुसत निघून जातात. मग मला कोणीतरी हात देऊन खाली बसवावं लागतं.

नाना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. स्वतः नाना जेवढ्या वेळा नाना झाले नसतील, तेवढ्या वेळा मी झाले असेन. आता दमले. म्हणून हे लिहून ठेवते. पुढच्या लग्नात कोणी आलं तर हे कागद पुढे करीन आणि म्हणेन, घ्या, मोठ्याने वाचा, मला झोपू द्या.

नाना म्हणजे माझे काका, माझ्या वडिलांचे, आबांचे धाकटे भाऊ. आमचं गाव पारोळ्याजवळ. आबांना दिवसभरात बोलायला मोजके शब्द मिळत, आणि तेही ते बैलांवर खर्च करत. उरलेलं सगळं बोलणं देवाने नानांना देऊन टाकलं होतं. नानांचं लग्न झालं नाही. का, असं विचारलं की ते सांगत, "तीन ठिकाणी पोर पाह्याले गऊ. तिन्ही घर इतले हासनात, की पोर देवानं ऱ्हाईच गयं." म्हणजे हसण्याच्या नादात मुलगी द्यायचीच राहून गेली.

स्वातंत्र्य आल्यावर दोनतीन वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी पिंपळनेरला गेले. पारोळ्याहून धुळे, धुळ्याहून साक्री, साक्रीहून पिंपळनेर. एस्टीने अर्धा दिवस जायचा. पण माहेर लांब होतं ते रस्त्यामुळे नव्हे, सासूमुळे. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणे, मीही म्हणे. ऐन तारुण्यात विधवा झालेली बाई. शेत, बैल, सालदार, मुलगा, सगळं एका कटाक्षावर चालवलेलं. ओसरीच्या खांबाला टेकून, हातात अडकित्ता घेऊन ती बसली, की माझे मालकसुद्धा मागच्या दाराने घरात येत. अक्काला हसताना मी पाहिलं नव्हतं. गावातही कोणी पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे लेक माहेरी येते ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. एरवी कोणाला सवड नसते, ना माहेराला ना सासरला. वैशाखात शेतं मोकळी होतात, तेव्हा माहेरचा माणूस सांजोऱ्यांची टोपली घेऊन लेकीला आणायला जातो. हा मुराळी. भाऊ जातो, नाहीतर बाप. मला भाऊ नव्हता, आणि आबांना पाठवायचं म्हणजे बैल पाठवण्यासारखंच होतं. म्हणून दर वर्षी नाना यायचे.

पहिल्या वर्षी मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. नाना आले, जोडे काढले, टोपली ठेवली आणि अक्कासमोर मांडी घालून बसले.

"कसाले उनात?" अक्काने विचारलं. कशाला आला हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच?

"तुम्हले लेवाले उनू, याहीनबाई."

न्यायला आलो म्हणे, तेही विहिणीलाच! अडकित्ता थांबला.

"वहू ऱ्हाऊ द्या घर. तिले काय न्यानं? ती आमनीच शे, बठ्ठा खोड्या आम्हले पाठ शेतस. तुम्हीच चला. आमना गावले जरा धाक बसी."

"औंदा धाडस नही," अक्का म्हणाली. यंदा पाठवत नाही, बस्स.

"नका धाडू. तुम्ही चला म्हननू ना मी."

"वहूले धाडस नही!"

"पोरनं नावच काढू नका तुम्ही. मी तं पोरले वळखतबी नही."

असं तासभर. अक्का चिडली, पदर तोंडावर ओढून घेतला, आत आली, उगाच चुलीतलं लाकूड हलवून पुन्हा बाहेर गेली. शेवटी म्हणाली, "ली जा रे बाबा तुन्ही पोरले, मन्हं डोकं दुखी ऱ्हायनं." मी लुगडं बदलून तयारच होते.

दुसऱ्या वर्षीचं तर अजून सांगते. त्या वर्षी अक्काने भक्कम कारण ठेवलं होतं. बिबड्यांचा घाट शिजवून तयार होता. ज्वारीचा तो गरम घाट ओल्या हाताने कापडावर पातळ थापायचा, उन्हात वाळवायचा. घरादाराचं वर्षाचं काम. अक्का म्हणाली, "इतलं काम टाकीसन वहू कशी जाई?"

"काम शे? मंग करी टाकूत," म्हणून नानांनी धोतर खोचलं, हात धुतले आणि आळीतल्या सगळ्या बायांच्या मधोमध जाऊन बसले. बाया पदर सावरून सरकल्या. नानांनी पहिली बिबडी थापली. ती लांबट झाली, एका टोकाला रुंद, मध्ये चिमटलेली.

"हाऊ आमना जवाईना जोडा," नानांनी जाहीर केलं. "डावा पायना. आते उजवा करस."

बायांच्या हातातला घाट गळायला लागला. नाना एक थापत आणि दोन घास तोंडात टाकत. वर म्हणत, मीठ बरोबर शे का हाई कोनी तरी दखाले जोयजे ना. जवाईचा उजवा जोडा झाला, मग टोपी झाली, मग एक मोठी आडवीतिडवी थापून म्हणाले, "हाई याहीनबाईनं शेत. बांधवर भांडन चालू शे, म्हनीसन एक बाजू वाकडी." तेवढ्यात उठले, आणि उठताना तोल गेल्यासारखं करून वाळत घातलेल्या कापडाच्या कडेवर बसले.

अक्का ओरडली, "ऊठ! ऊठ पहिले! ली जा तुन्ही पोरले, आनि तू बी जा! येवू नको वापस!"

धोतराला बिबड्या चिकटलेला माणूस एस्टीत माझ्या शेजारी बसला. कंडक्टर पाहत राहिला.

अशी काही वर्षं गेली. मग एका माघात आमच्या गावाकडचा एक माणूस बाजाराला पिंपळनेरला आला आणि सांगावा देऊन गेला. नाना गेले. छातीत दुखलं, खळ्यावर आडवे झाले, ते उठलेच नाहीत. सुतक फेडायची गंधमुक्तीही होऊन गेली होती.

मी तेव्हा बाळंतीण होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पोरगं सातव्या महिन्यातच आलं. सव्वा महिना व्हायचा होता, उंबरा ओलांडायचा नव्हता. आणि काकाचं सुतक सासरी गेलेल्या लेकीला असतं कुठे? डोक्यावरून पाणी घेतलं की मोकळी. अक्काने स्वतः पाणी तापवलं, स्वतः माझ्या डोक्यावर ओतलं, आणि एवढंच म्हणाली, "केस कोल्ला कर. सर्दी व्हई." झालं. एक बादली पाणी, एवढाच माझा नाना.

सासरच्या घरात माहेरच्या माणसासाठी हंबरून रडता येत नाही. पोरगं अशक्त होतं, दूध कमी होतं. बाया म्हणत, रडू नको, दूध आटेल. मी रडले नाही. मनाशी ठरवलं, आखाजीला जाईन तेव्हा रडीन.

कारण आखाजी जशी लेकींची, तशी मेलेल्यांची. त्या दिवशी मातीची नवी घागर पाण्याने भरतात, वर खरबूज ठेवतात, सांजोरी ठेवतात, आणि गेलेल्यांच्या नावाने पाणी देतात. वर्षात जो गेला असेल त्याची ती पहिली घागर. आमच्या घराण्यात रीत अशी, की पहिली घागर भरेपर्यंत दारावर येऊन कोणीही मोठ्याने रडावं. घागर भरली की रडणं संपलं. त्यानंतर कोणी हेल काढला तर म्हातारी माणसं दटावतात, म्हणतात, जाऊ दे त्याला. म्हणजे मला नानांसाठी गळा काढायला जी काही मुदत होती ती आखाजीपर्यंत. ती चुकली की नाना माझ्या छातीत तसेच अडकून राहणार.

आणि मला न्यायला आता कोण येणार?

आबा आले. आखाजीच्या आदल्या दिवशी, सकाळच्या मोटारीने. मी त्यांना दाराआडून पाहिलं. नवं धोतर, हातात टोपली, आणि चेहरा कोर्टात साक्षीला आल्यासारखा. बाजेच्या अगदी कडेवर बसले. अक्काने पाणी दिलं. नानांचा विषय निघाला, दोघांनी माना हलवल्या. मग अक्का खांबाला टेकली, अडकित्ता हातात घेतला आणि तिने नेहमीचा प्रश्न केला.

"कसाले उनात?"

आबा म्हणाले, "आखाजीले पोरले लेवाले उनू."

मी कपाळावर हात मारला. सरळ सांगून टाकलं!

अक्का म्हणाली, "औंदा धाडस नही. लेकरू न्हानं शे."

आबांनी तांब्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. तांब्या नीट ठेवला. टोपी डोक्यावर ठेवली आणि उठले.

"बरं," ते म्हणाले. "राम राम, याहीनबाई."

आणि गेले. अहो, खरंच गेले. पायऱ्या उतरून, गल्लीतून, मोटारस्टँडच्या दिशेने. टोपली तिथेच.

अक्का अडकित्ता तसाच उघडा धरून बसली होती. सुपारी निसटून ओसरीभर गडगडत गेली.

"गया?" तिने मला विचारलं.

"गयात."

"असा कसा गया? मी तं एकच डाव नही म्हनेल व्हतं!"

आता हे शहरातल्या मंडळींना सांगायला हवं. सासू पहिल्यांदा 'नाही' म्हणते ते काही पाठवायचं नसतं म्हणून नव्हे. पहिल्याच शब्दाला 'घेऊन जा' म्हटलं तर त्याचा अर्थ सुनेचं घरात काही काम नाही, गेली काय नि राहिली काय. पहिलं 'नाही' म्हणजे सुनेचा मान. दुसरं सासूचा. पुढची शेजारणींना ऐकू जावीत म्हणून. हे खानदेशातल्या प्रत्येक बाईला ठाऊक. पुरुषांना शिकवावं लागतं, आणि आबांना कोणी शिकवलंच नव्हतं. ते सरळ माणूस. बैल नाही म्हणाला तर तोही खरंच नाही म्हणतो.

"हाका मारू का?" मी विचारलं. आयुष्यात अक्काला विचारलेला तो माझा पहिला प्रश्न असेल.

"तू? भर गल्लीमा? बापनी मांगे पळशी?"

"मंग तुम्ही..."

"मी आवाज दिऊ? याहीले? ये वापस, चुकनू म्हनीसन?" ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. ती अडकली होती. आबांनी तिचं 'नाही' खरं धरलं होतं आणि त्या शब्दातून बाहेर यायचं दारच बंद केलं होतं. दुपारची मोटार सुटायला फार वेळ नव्हता.

मला तेव्हा काय झालं ते सांगता येत नाही. धीटपणा नव्हता तो. घाबरलेल्या माणसाला जसं काहीही सुचतं तसं सुचलं. खुंटीवरची मालकांची टोपी घेतली, पदरावरूनच डोक्यावर चढवली, बाहेर पायरीवर गेले आणि नानांसारखी एक खांदा वर करून आत आले.

"याहीनबाई," मी म्हटलं, "मी तुम्हले लेवाले उनू."

आवाज फाटला. अक्का माझ्याकडे बघत राहिली. आता अडकित्ता फेकून मारते की काय, असं वाटलं.

"तो असा येत नसे," ती म्हणाली.

मी टोपी सावरली.

"पहिले जोडा काढे. मंग दारनं लाकूड ठोकी दखे. म्हने, सागनं शे, चांगलं शे, आमनी पोरबी अशीच टिकी. मंग टोपली ठेवे. तू तं टोपली लिधीच नही." ती उठली. माझ्या डोक्यावरची टोपी काढून घेतली. "बठ मन्ही जागावर."

"मी?"

"बठ म्हननू ना."

मी खांबाला टेकून अक्काच्या जागेवर बसले. लग्न झाल्यापासून त्या जागेवर मी फक्त सारवण घालायला बसले होते. तिने अडकित्ता माझ्या हातात दिला. आबांनी ठेवलेली टोपली उचलली, टोपी पदरावर घातली आणि पायरीवर गेली.

आणि मग नाना आले. काय सांगू तुम्हाला. तोच खांदा, तीच मान, जोडे काढताना भिंतीला धरायची तीच तऱ्हा. दाराचं लाकूड ठोकलं. टोपली ठेवली. मांडी घालताना गुडघा वाजला की नाना 'ओय माय' म्हणत, तेसुद्धा. मी नानांच्या घरात वाढले, पण मला ते इतके पाठ नव्हते. दर आखाजीला एक दिवस येणारा माणूस या बाईने अक्खा साठवून ठेवला होता.

"तुम्हले लेवाले उनू, याहीनबाई," अक्का म्हणाली. नानांच्या आवाजात.

मी अडकित्ता उघडला, मिटला.

"म्हन ना," ती आपल्या आवाजात दटावून म्हणाली.

"औंदा धाडस नही."

"जोरमा. मी अशी पुचाट म्हनस का?"

"औंदा धाडस नही!"

"नका धाडू. कसाले धाडता? आमले काय पोरी कमी शेतस?" नानांचा खांदा तसाच वर होता, पण आवाज जरा तिचा झाला. "पन तिना काका मरी गया. पहिली घागर शे त्यानी. पोर नही उनी तं तो पानी पेवाव नही. तसाच फिरी. जिता व्हता तवय फिरे तसा."

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. मी अडकित्त्याकडे पाहत होते.

"आते मी काय म्हनस?" अक्काने विचारलं. "दर साल काय म्हनस मी?"

"ली जा," मी म्हटलं. "ली जा रे बाबा तुन्ही पोरले."

अक्काने टोपी काढली, झटकली, खुंटीला लावली. मग वळून बोट रोखलं. "ध्यानमा ठेव. मी तुले धाडेल नही. तूच धाडं." आणि आत जाऊन फडक्यात आमच्या पिंपळनेरचा तांदूळ बांधायला लागली. "घागरना बाजूले ठेव. जा, पळ, मोटार चुकी जाई."

पोरगं पाठीला बांधून मी पळाले. दुपारची मोटार गेली होती. आबा मात्र स्टँडवर कडुनिंबाखाली टोपी मांडीवर घेऊन बसलेले. मोटार समोरून गेली तरी चढले नव्हते.

"आबा, चला. मागची येईल."

"त्यासनी तं नही म्हनं."

"ते तसं म्हणायचंच असतं, आबा."

आबांनी बराच विचार केला. "म्हनानंच ऱ्हास? मंग आपुन काय म्हनानं?"

"काहीही. फक्त उठायचं नाही."

संध्याकाळच्या मोटारीत ते खिडकीशी बसले होते. साक्री गेल्यावर अचानक बोलले. "नाना तुले ली ये तवय दोन दिन झोपी ऱ्हाये. जेवाले बी उठे नही. मी त्याले म्हनू, पोर लेवाले गया का डोंगर फोडाले." बरंच अंतर गेलं. "आज एक डाव नही आयकं आनि मन्हा पायमा जीव ऱ्हायना नही. तो दर साल कितला डाव आयके?" माझे डोळे मिटायला लागले होते.

घरी पोचलो तेव्हा मध्यरात्र होत आली होती. भाऊबंदांच्या बाया दारावर वाट पाहत बसलेल्या. लेक आली म्हटल्यावर त्या सरकल्या, मला मध्ये घेतलं, आईने माझ्या गळ्यात हात टाकला. रीतीप्रमाणे पहिला हेल लेकीचा. सगळ्या थांबल्या. मी तोंड उघडलं आणि मोठी जांभई आली.

पदर तोंडावर होता म्हणून वाचले. बायांना तो हुंदका वाटला. एकीने गळा काढला, मग दुसरीने, मग सगळ्यांनी. नानांच्या गोष्टी आठवून आठवून त्या रडत होत्या, आणि मध्येच कुणाला हसू फुटलं की तेही रडण्यातच मिसळून देत होत्या. त्या सगळ्या कालव्यात, आईच्या खांद्यावर डोकं टेकून, मी गाढ झोपले. दोन महिने धरून ठेवलेलं रडणं, आणि ऐन वेळेला मी घोरत होते.

सकाळी जाग आली ती उन्हाने. अंगण सारवून झालं होतं, इतर पितरांच्या घागरी भरून झाल्या होत्या. एक नवी घागर रिकामीच होती. आजी म्हणत होती, ऊन चढतंय, भरून टाका. आबा त्या घागरीसमोर बसून होते, आणि म्हणत होते, नाही. आजीने पुन्हा सांगितलं. आबा पुन्हा नाही म्हणाले. जागचे हलले नाहीत.

मी तोंडावर पाणी मारून गेले. हंड्यातलं पाणी घागरीत ओतलं. वर ठेवायचं खरबूज आणि सांजोरी जवळ काढून ठेवली, बाजूला अक्काचा तांदूळ. आबांनी निखाऱ्यावर तूप सोडलं आणि भावाला हाक मारली, पाणी पी म्हणाले. घागर काठापर्यंत भरली नव्हती. अजून एक तांब्या ओतायचा होता. तो हातात तसाच धरून मी रडले, गल्लीभर ऐकू जाईल असं. कोणी दटावलं नाही.

फार वेळ नाही रडले. आत पोरगं उठलं होतं, त्याला भूक लागली होती. तांब्या ओतला, वर खरबूज आणि सांजोरी ठेवली आणि आत गेले.